चिकाच्या डागाला लिंबू लावू नका

एप्रिल-मे महिन्यात पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना करवंदांच्या जाळ्या लागतात. पानांच्या द्रोणांत करवंदं मांडून बायका-मुलं विकायला बसलेली असतात. काळंभोर करवंद तोंडात टाकलं की आधी आंबटगोड रस लागतो आणि पाठोपाठ ओठ एकमेकांना चिकटतात. हा करवंदाचा चीक. ज्यांचं बालपण या भागात गेलं त्यांच्या उन्हाळ्यातल्या एकाही सदऱ्यावर हा डाग नसेल असं होत नाही. शिवाय इथल्या रानात चीक असलेली झाडं काही थोडी नाहीत. उंबर, वड, पिंपळ आणि फणस ही एका कुळातली. करवंद, रुई, कुडा, कण्हेर आणि चाफा ही दुसऱ्या कुळातली. कुंपणाला लावलेला शेर तिसऱ्या, म्हणजे एरंडाच्या कुळातला.

पुढे पाऊस येतो, भातलावणी उरकते आणि गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की घराघरांत मखराची तयारी सुरू होते. पुठ्ठा, फोम, सॅटिनचं कापड, लेस, कुंदन आणि चिकटवायला गम. या गममध्ये एक पांढराशुभ्र, दुधासारखा दिसणारा आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाचा प्रकार असतो. तो म्हणजे लेटेक्स गम. रबराच्या झाडाच्या चिकापासून तो बनतो. रबराचं झाडही एरंडाच्याच कुळातलं, म्हणजे आपल्या कुंपणावरच्या शेराचं नातेवाईक. या गमचा थेंब साडीवर किंवा परकरावर पडला की घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवतो. लिंबू चोळा, मीठ लावा, गरम पाण्यात भिजवा, नेलपॉलिश काढायचं पाणी लावा. यातले पहिले तीन उपाय हा डाग पक्का करतात आणि चौथा त्याला जवळजवळ काहीच करत नाही. असं का होतं ते कळलं तर डाग काढणं बरंच सोपं जातं, म्हणून आधी चीक म्हणजे काय ते पाहू.

झाडाच्या सालीत आणि पानांत चिकासाठी वेगळ्या नलिका असतात. झाडाला इजा झाली की चीक बाहेर येतो, जखम बुजवतो आणि पान कुरतडणाऱ्या किड्याचं तोंड चिकटवून टाकतो. म्हणून तर रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या काही अळ्या पान खाण्याआधी त्याची शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देतात आणि मग पुढचा भाग निवांत खातात. चीक हा एकजीव द्राव नसतो. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं ते मिश्रण असतं आणि हे कण बहुतेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असतात. कण कशाचे आहेत त्यावर चिकाचा स्वभाव ठरतो. फणसाच्या चिकात राळेसारखे पदार्थ भरपूर असतात, म्हणून तो चिकट असतो पण ताणला तर परत मागे येत नाही. रबराच्या झाडाच्या ताज्या चिकात मात्र वजनाच्या साधारण 30 ते 40 टक्के रबर असतं आणि त्या रबराचे रेणू फार लांब साखळ्यांचे असतात. ताण दिला की या साखळ्या उलगडतात, सोडला की पुन्हा गुंडाळतात. रबराचा लवचिकपणा तिथून येतो.

हे झाड मूळचं ब्राझीलचं. 1876 साली हेन्री विकहॅमने तिथून सुमारे 70,000 बिया इंग्लंडमधल्या क्यू बागेत नेल्या आणि तिथली रोपं मग आशियात आली. भारतात रबराची पहिली व्यापारी लागवड 1902 साली केरळात थट्टेकाडला झाली. महाराष्ट्रात रबराची बाग पाहायची असेल तर सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात जावं लागतं. तिथे केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबर लावलं आणि पाहून पाहून स्थानिकांनीही. सालीवर तिरकी चीर देण्याचं काम पहाटे करतात, कारण गारव्यात झाडाच्या नलिकांत दाब जास्त असतो आणि चीक जास्त वेळ वाहतो. ऊन चढलं की धार मंदावते.

आता या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग. चिकातल्या प्रत्येक रबरकणाभोवती प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं. त्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि चीक पातळ राहतो. हा तोल मोडला की कण एकमेकांना बिलगतात आणि रबराचा गोळा तयार होतो. तोल मोडायला आम्ल पुरतं. दूध लिंबाने फाटतं, तसाच चीक आम्लाने फाटतो. बागायतदार याचाच उपयोग करतात. गाळलेल्या चिकात पाणी घालून तो पसरट ट्रेमध्ये ओततात, त्यात थोडं फॉर्मिक आम्ल मिसळतात आणि काही तासांत पांढरी मऊ वडी तयार होते. ती रुळांतून काढून, धुरावर वाळवून रबराची शीट बनते.

साडीवरच्या ओल्या लेटेक्सवर लिंबू पिळणं म्हणजे नेमकं हेच करणं, फक्त ट्रेऐवजी धाग्यांच्या विणीत. मिठानेही तेच होतं, कारण मिठाचे आयन कणांवरच्या भाराचा जोर कमी करतात आणि कण जवळ येतात. गरम पाण्याने पाणी लवकर उडतं आणि कण लवकर एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे डाग म्हटलं की हात आपोआप लिंबाकडे जातो. हळदीला, गंजाला, शाईला लिंबू चालत असेलही, पण चिकाला नाही. हे एवढं जरी वाचकाच्या लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

बाटलीतला गम महिनोन्‌महिने पातळ राहतो तो अमोनियामुळे. ताजा चीक काही तासांत आपोआप फाटायला लागतो, कारण त्यातले जीवाणू वाढून आम्ल तयार करतात. अमोनिया जीवाणूंना मारतो आणि मिश्रण अल्कधर्मी ठेवतो. गम बनवण्याआधी चीक यंत्रात जोराने फिरवून त्यातलं बरंच पाणी वेगळं करतात, तेव्हा त्यातलं रबर 60 टक्क्यांच्या आसपास जातं. बाटली उघडल्यावर नाकाला झोंबतो तो वास या अमोनियाचाच. तो उडून गेला, झाकण सैल राहिलं, की गमच्या गुठळ्या व्हायला लागतात. फ्रीजरमध्ये ठेवला तर गोठून फुटतो आणि पुन्हा एकजीव होत नाही. घरातल्या सावलीच्या, गार जागी घट्ट झाकणाने तो चांगला टिकतो.

मखराच्या कामाला लेटेक्स गम खरोखर चांगला आहे. तो पाण्यात बनलेला असल्याने फोम किंवा थर्मोकोल विरघळवत नाही. चांभार आणि सोफा बनवणारे कारागीर वापरतात तो पिवळसर, पेट्रोलसारख्या वासाचा गम थर्मोकोलला लावला तर थर्मोकोल जागच्या जागी वितळून खड्डा पडतो. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढल्यानंतर कापडी आणि पुठ्ठ्याच्या मखरांकडे बरीच घरं वळली, आणि कापड पुठ्ठ्यावर न सुरकुतता बसवायला असा लवचिक गमच हवा. फेविकॉलसारखा पांढरा गम लाकडाला आणि कागदाला उत्तम, पण वाळल्यावर तो कडक होतो, त्यामुळे झालर हलली की चिकटवलेला भाग कुरकुरीत होऊन सुटतो. लेटेक्स वाकतो, ताणला जातो आणि धरून ठेवतो.

पण त्याची वापरायची एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळेच बहुतेक डाग पडतात. लेटेक्स पाणी उडून गेल्यावरच रबर बनतो. ओला असतो तेव्हा दुधाळ पांढरा, वाळला की पारदर्शक किंवा किंचित पिवळसर. मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. त्यामुळे इथे पाऊस भरपूर. श्रावण-भाद्रपदात इथली हवा पाण्याने इतकी भरलेली असते की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत गमही वाळत नाही. आपण घाई करतो, ओल्या गमवरच कापड बसवून दाबतो. आतलं पाणी अडकून पडतं, गम पांढराच राहतो आणि दाबला की सॅटिनच्या किंवा नेटच्या विणीतून वर येतो. सकाळी मखराच्या दर्शनी बाजूवर चकचकीत ठिपके दिसतात ते असे.

योग्य रीत अशी. दोन्ही पृष्ठभागांना अगदी पातळ थर लावायचा. दोन्ही बाजूंचा पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पावसाळ्यात पंख्याखाली ठेवायचं. मग दोन्ही बाजू एकमेकींवर दाबायच्या. वाळलेला लेटेक्स दुसऱ्या कशापेक्षाही वाळलेल्या लेटेक्सलाच जोरात चिकटतो, त्यामुळे हात लावताच जोड बसतो. पण मग जागा बदलता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खूण करून घ्यावी. जाड थर दिल्याने चिकटण्याची ताकद वाढत नाही, फक्त वाळायला उशीर होतो. ब्रश वापरणार असाल तर तो आधी साबणाच्या पाण्यात बुडवून झटकून घ्यावा, म्हणजे केसांत गम धरत नाही. काम थांबवलं की लगेच पुन्हा साबणाच्या पाण्यात टाकावा. पितळी पट्टीचा ब्रश आणि तांब्या-पितळेची भांडी या कामाला वापरू नयेत. त्याचं कारण पुढे जरीबद्दल लिहिताना येईलच.

डाग पडलाच तर पहिला प्रश्न, तो कशाचा आहे? मखराच्या कामात घरात चार प्रकारचे गम एकाच वेळी उघडे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. वाळलेल्या थराचं टोक नखाने उचलून ताणून पाहा. रबरासारखं ताणून परत मागे गेलं तर लेटेक्स. कडक किंवा चिवट असेल आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवल्यावर पांढरट आणि मऊ पडला तर तो फेविकॉलच्या जातीचा. हा गम साधारण 30 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो, म्हणून त्याला कोमट पाणी आणि साबण पुरतो. लेटेक्सला जे घातक ते याला उपकारक, म्हणून तर ओळख महत्त्वाची. ग्लू गनचा डाग मेणासारखा टणक असतो आणि गरम केला की वितळतो. तो थंड करून आधी तोडून काढावा, उरलेला दोन कागदांमध्ये ठेवून इस्त्रीने शोषून घ्यावा. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गम काचेसारखा कडक होतो, त्याला अ‍ॅसिटोन लागतं. याच्याबद्दल एक इशारा इथेच देतो: तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर रासायनिक क्रियेने कापड इतकं तापतं की कातडी भाजते. तेव्हा तो कापसाने टिपायला जाऊ नका.

लेटेक्स ओला असताना सापडला तर तुमचं नशीब चांगलं. चमच्याच्या कडेने वरचा गम उचलून घ्या, चोळू नका. कापड उलटं करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा, म्हणजे गम आला त्याच वाटेने बाहेर जाईल. मग थंड पाण्यात थोडा भांड्यांचा द्रव साबण घालून हलक्या हाताने दाबत राहा. दुधाळ पाणी येणं थांबेपर्यंत पाणी बदला. साबण इथे दुहेरी काम करतो. कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि धाग्यापासून सोडवतो. पाहुणे दारात असतील आणि लगेच धुणं शक्य नसेल, तर डागावर ओलं फडकं ठेवून वर एखादं ताट पालथं घाला. वाळू न देणं एवढंच त्या वेळी करायचं असतं. सावलीत वाळवल्यावर कापड उजेडात धरून ताणून बघा. चकाकणारा ठिपका दिसला तर अजून गम आहे. तो असताना इस्त्री फिरवू नका.

वाळलेला लेटेक्स हा वेगळाच पदार्थ. पाणी आता त्याच्यात शिरत नाही, मग कितीही साबण लावा. बर्फाचा उपायही इथे फारसा चालत नाही. च्युइंग गम बर्फाने कडक होऊन तुटतो हे खरं, पण रबर काचेसारखं ठिसूळ व्हायला उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं आणि घरातला फ्रीजर जेमतेम उणे 18 अंशांपर्यंत जातो. तिथे रबर थोडं ताठर होतं इतकंच. त्यापेक्षा त्याच्या चिकटण्याच्या स्वभावाचाच उपयोग करावा. त्याच गमचा एक थेंब काचेवर वाळवून त्याची गोळी वळायची आणि ती डागावर घासायची. रबर रबराला धरतं आणि वरचा थर गुंडाळून निघून येतो. चित्रकार आणि छायाचित्रं चिकटवणारे जुने लोक कागदावरचा रबरी गम असाच काढत. सुती आणि पॉलिएस्टरच्या घट्ट विणीच्या कापडावर एवढ्यानेच बराचसा डाग जातो.

विणीच्या आत गेलेल्या गमला द्रावक लागतो, आणि कोणता ते रबराच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. 1823 साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने कापडाच्या दोन थरांमध्ये रबर भरून पाण्यापासून वाचवणारं कापड बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. रबर कापडात मुरवण्यासाठी त्याने ते डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात विरघळवलं होतं. म्हणजे ज्या जातीच्या द्रवाने रबर कापडात शिरतं त्याच जातीच्या द्रवाने ते बाहेरही निघतं. रबर हे कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग आहे आणि त्याच घडणीच्या द्रवांत ते फुगतं किंवा विरघळतं. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन हा त्यातला घरगुती कामासाठी बऱ्यापैकी उपाय. निलगिरीचं तेलही उपयोगी पडतं, त्याने वेळ जास्त लागतो पण वास सुसह्य असतो. संत्र्याच्या सालीतलं तेल रबराचं शत्रूच आहे. फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली तर तो फटकन फुटतो, हा प्रयोग मुलांना दाखवण्यासारखा आहे. नेलपॉलिश काढण्याच्या अ‍ॅसिटोनची घडण वेगळी, म्हणून नैसर्गिक रबर त्यात जवळजवळ विरघळत नाही. उलट ते अ‍ॅसिटेटचं कापड, टिकल्या आणि काही बटणं वितळवून नवा उपद्रव करतं.

द्रावक लावण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून रंग उतरतो का ते पाहावं. डागाखाली जुनं सुती फडकं घालावं. कापसाच्या बोळ्याने बाहेरून आत टिपत यावं, आतून बाहेर घासलं की डाग पसरतो. मग डागावर स्टीलची वाटी पालथी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, म्हणजे द्रावक उडून न जाता रबर फुगतं आणि धाग्याची पकड सोडतं. फुगलेला थर चमच्याच्या कडेने खरवडून घ्यावा, खालचं फडकं बदलावं आणि पुन्हा तेच. काही गम कारखान्यातच गंधक घालून पक्के केलेले असतात. ते विरघळत नाहीत, नुसते फुगतात, पण फुगले तरी खरवडून निघतात. शेवटी भांड्यांचा साबण लावून टर्पेंटाइनचा अंश धुऊन काढावा आणि मगच कपडा इतर धुण्यात टाकावा.

हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि देवघरातली समई दोन्ही विझवून करायचं. टर्पेंटाइनने भिजलेलं कापड वॉशिंग मशीनमध्ये किंवा इस्त्रीखाली जाऊ देऊ नये. पेट्रोल या कामासाठी घरात आणूच नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या ज्योतीनेही पेट घेते. एका डागासाठी एवढी जोखीम घेण्यासारखं कुठलंही कापड नाही.

रेशीम, लोकर आणि जर यांची गोष्ट वेगळी. रेशमाला घासणं सोसत नाही, ब्लीच त्याला पिवळं आणि कमकुवत करतं. ओला डाग असेल तर थंड पाणी आणि रिठ्याचं पाणी एवढंच करावं. वाळलेला डाग ड्रायक्लीनरकडे न्यावा आणि नेताना हा लेटेक्सचा गम आहे, हे आवर्जून सांगावं, कारण त्यांच्याकडचे द्रावकही डागागणिक बदलतात. जरीत आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. आजच्या बहुतेक जरीत तांबं असतं, आणि अस्सल जरीच्या चांदीतही थोडं तांबं असू शकतं. तांबं रबराचं हवेतल्या प्राणवायूमुळे होणारं कुजणं कितीतरी वेगाने घडवतं. जरीवर लागलेला लेटेक्स आधी चिकट होतो, मग तपकिरी आणि शेवटी कडक. तोवर तो धाग्यात उतरलेला असतो. शिवाय गममधला अमोनिया तांब्यावर हिरवट-निळे डाग पाडतो. पितळी ब्रश आणि तांब्याची भांडी टाळायला सांगितली ती यामुळे.

तांबं नसलं तरी उघडं रबर ऊन आणि हवा लागून काही वर्षांत पिवळं पडून भुगा होतं. मखर वर्षाला नवं होतं म्हणून तिथे ते चालतं. ब्लाऊजला लेस, साडीला फॉल किंवा नाटकाच्या पोशाखाला किनार चिकटवताना मात्र हे ध्यानात हवं.

करवंदाकडे परत यायला हवं, कारण त्याच्या डागात दोन डाग एकत्र असतात. एक पांढरा चीक, जो देठाशी आणि कच्च्या फळात जास्त असतो. दुसरा पिकलेल्या फळाचा जांभळा रंग, जो आम्लात लाल होतो आणि साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात निळसर-हिरवट. लिंबाने जांभळा डाग फिका झाल्यासारखा वाटतो आणि चीक आत राहतो. मग त्यावर धूळ बसून काळा ठिपका उरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चिकावर खोबरेल तेल लावून तो मऊ करून टिपायचा, मग साबणाने तेल काढायचं आणि अगदी शेवटी उरलेल्या जांभळ्या रंगाला हवं तर लिंबू. फणस कापण्याआधी विळीला आणि हाताला खोबरेल लावायची रीत घराघरांत आहे, ती याच तत्त्वावर चालते. पाण्याला न जुमानणारा चीक तेलाशी जमवून घेतो. लेटेक्स गमलाही तेल मऊ करतं, पण सावकाश, आणि मागे तेलाचा डाग ठेवतं. म्हणून हातांवरचा, नखांतला गम काढायला खोबरेल उत्तम आणि कपड्यांसाठी टर्पेंटाइन बरं.

आंब्याच्या देठाचा चीक आणि बिब्बा यांना या रांगेत बसवू नये. त्यांच्यात फिनॉलच्या जातीची तेलं असतात. ती हवेत काळी पडतात आणि कातडीला भाजतात. बिब्ब्याचा डाग धुऊन जात नाही म्हणून तर परीट त्याने कपड्यांवर खुणा करत. आंब्याच्या चिकाला लगेच साबण आणि भरपूर पाणी लावावं, वाळल्यावर काही फारसं हाती लागत नाही.

काळजीची एक गोष्ट सांगायलाच हवी. रबराच्या चिकातल्या प्रथिनांची काही जणांना अ‍ॅलर्जी असते. फुगे फुगवल्यावर ओठ सुजणं, रबरी हातमोज्यांनी खाज येणं ही तिची चिन्हं. लहानपणी अनेक शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांत ती जास्त आढळते. अशांपैकी काहींना केळं, पपई, किवी खाऊनही त्रास होतो, कारण त्यांतली काही प्रथिनं मिळतीजुळती असतात. घरात असं कुणी असेल तर मखराला दुसरा गम वापरावा. रुई आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, तेव्हा लगेच पाण्याने डोळा धुवत राहून डॉक्टरांकडे जायला हवं. मुळशीच्या रानात खेळणाऱ्या मुलांना हे लहानपणीच सांगून ठेवावं.

उरलेला गम मोरीत ओतू नका. खरकट्यातल्या आंबट पदार्थांनी तो तिथेच रबर होऊन पाइप तुंबवतो. वर्तमानपत्रावर पसरून वाळू द्या आणि सुक्या कचऱ्यात टाका. यंदा मखराला बसण्यापूर्वी वापरायच्या कापडाच्या एका चिंधीवर गमचा थेंब टाकून वाळवा आणि तो काढून बघा. निघाला नाही तर त्या कापडासाठी वेगळा गम घ्या. आणि पैठणी, इरकल किंवा आईची जपून ठेवलेली कुठलीही साडी असेल तर तिथे गमची बाटली उघडूच नका. तिथे सुई-दोराच वापरा.